खडेबाजारातला १७,५०० चा थिंकपॅड, चार महिने वापरून झाल्यावर

चार महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीसाठी बेळगावातनं एक जुना लॅपटॉप, लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० घेतला, १७,५०० ला. तेव्हापासनं गावातले तिघंचौघं विचारालेत की कुठनं घेतलास, काय बघून घेतलास, एवढ्या पैशात नवाच का नाही घेतला. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास तेच सांगतोय, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण मशीन उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि या सगळ्यात तीच सवय उपयोगाला आली.

आधी पहिल्या लॅपटॉपचं सांगायलाच पाहिजे, कारण दुसरा समजायला पहिला समजणं गरजेचं आहे. दोन वर्षांपूर्वी धाकटीची बीसीएला अ‍ॅडमिशन झाली. गणपतीच्या वेळी ऑनलाइन सेल होता, त्यात एक नवाकोरा लॅपटॉप सतरा हजाराच्या आत मिळाला, कंपनीचं नाव लिहीत नाही. दिसायला एकदम पातळ, चंदेरी, घरात सगळे खूश. आत काय होतं तर सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे फाईली साठवायची चिप. मला तेव्हा ईएमएमसी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, मी ६४ जीबी वाचलं आणि वाटलं मोबाईलमध्ये पण एवढंच असतंय की, पुरेल. पण मोबाईलला पुरतं ते विंडोजला कुठलं पुरतंय, निम्मी जागा विंडोजनंच खाल्ली, मग अपडेट आलं की जागा नाही म्हणून अडायचं, फाईली पेनड्राइव्हवर हलवायच्या, अपडेट करायचं, परत पुढच्या महिन्यात तेच. क्रोमचे चार टॅब आणि कोड लिहायचं व्हीएस कोड एकदम उघडलं की माऊसचा बाण हलायचा बंद. पोरगी रात्री अकरा वाजता प्रोजेक्ट घेऊन बसलेली आणि स्क्रीन गोठलेला, डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलंय. शेवटी कॉलेजच्या लॅबमध्ये थांबून करायला लागली आणि संध्याकाळची शेवटची बस चुकायला लागली.

तेव्हा कुणीतरी म्हटलं रॅम वाढवून घ्या, हजार-दीड हजारात काम होईल. म्हणून तो लॅपटॉप घेऊन बेळगावच्या खडेबाजारात गेलो, मेन रोडवरनं आत वळल्यावर एका जिन्यावर छोटं दुकान आहे, मालक आणि हाताखाली एक पोरगा, दोघंच. नाव लिहू काय म्हणून विचारलं तर नको म्हटले, आहे तेवढंच काम उरकत नाही म्हणे, त्यामुळे नाव देत नाही. आत गेल्या गेल्या कन्नडमध्ये ‘बर्री, कुंद्री’ (या, बसा), मग माझं मराठी ऐकल्यावर लगेच मराठीत, ‘बसा की अण्णा, काय झालंय?’

मी म्हटलं रॅम वाढवायचीय. त्यांनी काही न बोलता लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, प्लॅस्टिकची पट्टी घालून कडेनं झाकण सोडवलं आणि दिवा जवळ ओढून मला म्हटले इकडं या. आत बघितलं तर अर्ध्यापेक्षा जास्त जागा बॅटरीची आणि बोर्ड म्हणजे तळहाताएवढा. पंखा नाही, एक पत्र्याची चपटी पट्टी प्रोसेसरवर बसवलेली. चिमट्याच्या टोकानं दाखवलं, ह्या काळ्या चिप्स म्हणजे रॅम, ही एक वेगळी चिप म्हणजे तुमची ६४ जीबी डिस्क, दोन्ही टाके मारून बोर्डावर बसवलेत. ‘स्लॉटच नाही हो, रॅम घालू कुठं?’ मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. आमच्याकडं मशीनचा बेअरिंग गेला तर बेअरिंग बदलतात, मशीन भंगारात घालत नाहीत. इथं रॅम कमी पडली तर अख्खा लॅपटॉपच बदलायचा. त्यांनी झाकण परत बसवलं आणि पैसे घेतले नाहीत, काम केलंच नाही तर पैसे कसले म्हटले. निघताना एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी घेताना आधी स्लॉट किती विचारा की, मग रंग बघा.

ते डोक्यात बसलं. पुढचे दोन महिने मी रोज रात्री लॅपटॉपचंच वाचत होतो, आणि जे कळलं ते सांगतो, कारण दुकानात गेल्यावर कुणी हे सांगत नाही.

प्रोसेसरच्या स्टिकरवर आय३, आय५, आय७ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. माझा एक मित्र कोल्हापुरात आहे, तो म्हटला चौदा हजारात आय७ मिळतोय, घेऊन टाक. मी पूर्ण नंबर मागितला तर आय७-६६००यू. या जुन्या नंबरात डॅशच्या पुढचा पहिला आकडा म्हणजे पिढी, इथं सहावी. त्यात कोर, म्हणजे आतले कामगार, दोन आणि थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, चार. आणि आय५-८३५०यू म्हणजे आठवी पिढी, त्यात कोर चार, थ्रेड आठ. म्हणजे आय५ असून कामगार दुप्पट. सातव्या पिढीपर्यंत यू वाल्या, म्हणजे कमी करंट खाणाऱ्या, आय५ ला, आय७ ला पण दोनच कोर असायचे, आठव्या पिढीत २०१७ ला ते एकदम चार झाले, आणि हाच जुन्या बाजारातला सगळ्यात महत्त्वाचा उंबरठा आहे. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासनंच प्रोसेसर आहेत. त्यामुळे सहावी-सातवीवाले लॅपटॉप आता ढिगानं बाजारात आलेत, आय७ म्हणून स्वस्तात दाखवतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय म्हणायचं. काहीजण जुगाड करून त्यावर विंडोज ११ घालून देतात, चालतं पण, मात्र कॉलेजच्या पोरीला असल्या भरवशावर सोडायची माझी तयारी नव्हती.

नवा पण बघितला, नाही असं नाही. तीस हजाराच्या आसपास रायझन ५ चे, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचे दिसले, तिथं पण नंबर नीट वाचा. ७५२०यू आणि ७५३०यू दोन्ही शेजारी ठेवले तर फरक एका आकड्याचा वाटतो, पण रायझनच्या ७००० च्या नंबरात तिसरा आकडा म्हणजे आतलं डिझाइन कुठलं ते. ७५२० मध्ये तो २, म्हणजे झेन २, जे २०१९ ला आलेलं. ७५३० मध्ये ३, म्हणजे झेन ३. शिवाय ७५२०यू आणि त्याचा धाकटा भाऊ ७३२०यू यांना एलपीडीडीआर५ जातीची रॅमच लागते आणि ती बोर्डावर सोल्डर केलेलीच येते. ८ जीबीचा घेतला तर शेवटपर्यंत ८ च. रोजच्या कामाला वाईट नाही तो, पण आमचं घोडं पहिल्यांदा जिथं अडलं होतं तिथंच परत अडलं असतं. इंटेलचा आय३-१२१५यू असलेला, एक रॅम स्लॉट मोकळा असलेला नवा लॅपटॉप मला आवडला होता, सहा कोर, कंपनीची एक वर्ष वॉरंटी. तुमचं बजेट पस्तीसच्या घरात असेल तर तोच घ्या, जुन्याच्या नादाला लागू नका. आमचं बजेट वीस होतं. ऊस कारखान्याला गेला होता पण बिल यायचं होतं, त्यात हे बसवायचं होतं.

मग परत त्याच दुकानात. त्यांच्याकडं बेंगळूरचा माल येतो, तिथल्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॉटनं लॅपटॉप काढून टाकतात, ते एसपी रोडच्या व्यापाऱ्यांकडनं हुबळी-बेळगावला येतात. काउंटरवर तीन टी४८० मांडले. तिन्ही बाहेरनं सारखे काळे, किंमत पण सारखी, आणि तिन्ही आतनं वेगळे निघाले.

पहिल्याचा स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा. तिरकं बघितलं की रंग उलटे दिसायचे. टी४८० मध्ये हा पण स्क्रीन यायचा आणि १९२० बाय १०८० चा आयपीएस, म्हणजे तिरकं बघितलं तरी रंग नीट दिसणारा, पण यायचा, कोड लिहिणाऱ्याला दुसराच पाहिजे कारण एका वेळी किती ओळी दिसतात त्यावर डोळ्याचा त्रास ठरतो. तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचं स्क्रीन चांगलं, पण चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, गेलो तर सुपरवायझर पासवर्ड मागाला. ही गोष्ट ज्याला जुना घ्यायचाय त्यानं गाठ मारून ठेवा. आधीच्या कंपनीनं घातलेला पासवर्ड राहिला असेल तर विंडोज चालेल, सगळं चालेल, पण बायोसमधलं काही बदलता येणार नाही आणि तो सहजासहजी निघत पण नाही. मालकांनी स्वतःच तो पोराकडं दिला आणि लॉटमधनं परत पाठव म्हटले.

तिसऱ्यावर एक तास घालवला. काळ्या कमांड विंडोत पॉवरसीएफजी लिहायचं, एक स्पेस, मग स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट, एंटर. एक फाईल तयार होते, ती ब्राऊझरमध्ये उघडली की डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. पहिला कंपनीतनं निघाली तेव्हाचा, दुसरा आजचा. टी४८० ला बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक मागनं काढता येणारी. आतली २४ वॅट-अवरची, आज १९ भरत होती, म्हणजे ठीक. बाहेरची पण २४ ची, पण भरत होती ११. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ड्रॉवरमधनं दुसऱ्या तीन बॅटऱ्या काढल्या, एकेक लावून रिपोर्ट काढला आणि २१ भरणारी दिली. कुरकुर नाही, जास्त पैसे नाहीत. नुसतं ‘बॅटरी चांगली आहे हो’ म्हणणारे दहा भेटतात, रिपोर्ट काढून देणारा मला हा एकच भेटला.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर घालून एसएसडी, म्हणजे फाईली साठवायची डिस्क, बघितली, २५६ जीबी, हेल्थ गुड. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथं मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात ते दिसतं, दोन पैकी एक, ८ जीबीची एक स्टिक. तरी मी म्हटलं उघडून दाखवा. बायोसमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्याय आहे, तो आधी केला, बाहेरची बॅटरी काढली, मग मागचे स्क्रू सैल केले, ते स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत, असलं काम बघितलं की बरं वाटतं. आत मोकळा स्लॉट स्वच्छ दिसत होता, दोन्ही बाजूच्या चाप्या शाबूत. पंख्याच्या जाळीत धूळ होती, ब्लोअर मारून काढली आणि प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, माझ्यासमोर.

बिजागरी मी स्वतः तपासली. स्क्रीन १८० अंशात पूर्ण सपाट पडतो, मध्ये कुठंही सोडला तरी तिथंच थांबला पाहिजे, एका बाजूला खेळ नको. दोन्ही बिजागऱ्या घट्ट. कीबोर्डचं धाकटीनं बघितलं, नोटपॅड उघडून आधी इंग्रजी सगळी बटणं, मग मराठी, मग कन्नड. इथं एक गोष्ट आपल्या सीमाभागातल्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर मराठी आणि कन्नड दोन्हीची बोटं एकच, के दाबलं की मराठीत क, भाषा बदलून तेच के दाबलं की कन्नडमध्ये पण क, एच वर दोन्हीकडं प. स्कॉलरशिपचं काम कन्नडमध्ये, बाबांचा अर्ज मराठीत, एकदाच शिकायचं. धाकटी आता दोन्ही न बघता टाइप करते आणि गल्लीतले लोक अर्ज घेऊन तिच्याकडं येतात.

विंडोजचं पण विचारलं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनला डिजिटल लायसन्स दिसत होतं, म्हणजे बोर्डाशी जोडलेलं. ऑफिस मात्र ते क्रॅक घालून देणार होते, ते मी नको म्हटलं, लिबरऑफिस फुकट आहे आणि कॉलेजचं सगळं त्यात होतं.

दुकानाच्या दोन गोष्टी पटल्या नाहीत, त्या पण लिहितो. बिल आधी साध्या कागदावर हातानं लिहून देत होते. पक्कं बिल पाहिजे, त्यावर सिरियल नंबर पाहिजे म्हणून बसून राहिलो तेव्हा मिळालं. जुन्या मालात हा नंबर महत्त्वाचा, उद्या पोलीस स्टेशनचं काही निघालं तर तोच कागद तुमच्या बाजूनं उभा राहतो. दुसरं म्हणजे चार्जर लोकल दिला होता. दोन दिवसांत हात लावला तर चटका बसेल एवढा तापायला लागला. बस पकडून परत गेलो, त्यांनी बघितलं, न वाद घालता ६५ वॅटचा बरा काढून दिला, पण तो पहिल्या दिवशीच द्यायला पाहिजे होता. एक गरीब माणूस रजा टाकून, हजेरी बुडवून परत येतो हे दुकानदारांनी ध्यानात घ्यावं. वॉरंटी तीनच महिने, ती आता संपली.

आता वापराचं. धाकटी रोज नंदगडच्या बाजूनं बेळगावला ये-जा करते. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना बस फुकट झाली हे लई चांगलं झालं, पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, बॅग पोटाशी धरून उभं राहायचं. लॅपटॉप दीड किलोच्या वर आहे, पातळ नवा याच्यापेक्षा हलका पडला असता हे खरं. पण चार महिने त्या गर्दीत दाबला जाऊन याचं काही हललेलं नाही.

आणि करंट. पावसाळ्यात आमच्याकडं संध्याकाळी करंट गेला की कधी येईल ते सांगता येत नाही. हा आधी बाहेरची बॅटरी संपवतो, मग आतल्यावर जातो, आणि आतली चालू असताना बाहेरची काढली तरी लॅपटॉप बंद पडत नाही. दोन्ही मिळून कोडिंगला साडेतीन-चार तास निघतात. पुढं पैसे साठले की मागच्या बाजूला ७२ वॅट-अवरची मोठी बॅटरी बसवायची आहे, ती याला बसते, थोडी खाली फुगून येते एवढंच. परीक्षेच्या आदल्या रात्री सात वाजता गेलेला करंट साडेदहाला आला, आणि तिचं डेटाबेसचं काम तोवर उरकलं होतं, कंदील शेजारी ठेवून. पहिल्या लॅपटॉपवर ती रडली होती ती रात्र मला आठवली.

दुसऱ्या महिन्यात ८ जीबीची अजून एक स्टिक घातली, दुकानातलीच काढलेली जुनी, १,८०० ला, नवीचे भाव आता चढलेत. दोन स्टिक सारख्या असल्या की प्रोसेसर दोन्हीकडनं एकदम माल उचलतो, एका स्टिकपेक्षा काम सरळ होतं. आता क्रोम, व्हीएस कोड, मायएसक्यूएल सगळं उघडं ठेवून पोरगी निवांत. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी मात्र हा घेऊ नका, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच साधं आहे, त्याचा तो जीव नाही. स्क्रीनचा उजेड २५० निट (उजेडाचं माप) आहे, घरात छान, अंगणात उन्हात बसलं तर डोळे ताणावे लागतात. स्पीकर खालच्या बाजूला आहेत, लेक्चर ऐकायला हेडफोन लावायचा.

घेतलात तर दोन कामं पहिल्याच आठवड्यात करा. या मॉडेलच्या थंडरबोल्टचं, म्हणजे टाइप-सी पोर्टच्या आतल्या भागाचं, एक फर्मवेअर अपडेट लेनोव्होनं काढलेलं आहे, ते झालंय की नाही बघा, नसेल तर टाइप-सी वरनं चार्जिंग पुढं अडू शकतं. आणि चार्जिंगचं सॉकेट थेट मदरबोर्डावर बसवलेलं आहे, त्यामुळे वायर लोंबकळत ठेवून मांडीवर घेऊन फिरायचं नाही, वायर काढताना पिन धरून सरळ काढायची. घरातल्या लहान पोरांना पण सांगून ठेवा.

पहिला लॅपटॉप फेकला नाही. त्याच दुकानातल्या पोरानं त्यावर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट घालून दिलं, त्यातलं हलकं एक्सएफसीई वालं, ३०० रुपये घेतले. आई आता त्यावर स्त्रीशक्ती संघाचा, म्हणजे बायकांच्या बचत गटाचा हिशोब ठेवते, एकच फाईल, वीस बायकांची नावं, दर मंगळवारी भरणा. तेवढ्याला तो पुरतो. परवा तिनं पहिल्यांदा बेरजेचा फॉर्म्युला स्वतः घातला आणि वहीतला आकडा जुळला का म्हणून मला कामावर फोन केला, जुळला होता.